पिनेची जुळी

२ मार्च

दादा,

पत्राआधी डबी उघडली असशील. नसशील तर आधी ती उघड. आत तुझ्या गुडघ्याची नवी पिन आहे. वहिनीनं गुपचूप मापं कळवली, तुझा पाय बनवणाऱ्यांनी त्या मापाच्या दोन पिना कडक पोलादातून कातून दिल्या, आणि त्यांवर निकेलचा थर मी चढवला. घामानं गंजणार नाही, लवकर झिजणार नाही, आणि मुख्य म्हणजे कुरकुरणार नाही.

तू माझ्याशी बोलत नाहीस. माझा फोन आला की 'तिला सांग, मी घरात नाही' हे तू घरातूनच सांगतोस आणि ते मला इकडे स्वच्छ ऐकू येतं. गाण्याच्या सरांचा आवाज तो, दाबून दाबून किती दाबला जाणार? तेव्हा पत्रच बरं. पत्राला 'घरात नाही' म्हणता येत नाही.

त्या वर्तमानपत्रातल्या फोटोबद्दल मी आज लिहिणार नाही. लिहायला बसले की 'मला असं वाटलं होतं की' अशी वाक्यं सुरू होतात, आणि ती वाक्यं तुला नको आहेत हे मला कळतं. तू इतकी वर्षं त्या शाळेत शिकवलंस, पोरांना वाटायचं, सर जरा लंगडतात. मग एका रविवारी त्यांनी पेपरात, माझ्या संशोधनाच्या बातमीत, तुझी विजार दुमडलेली पाहिली, खाली पट्टे नि पोलाद, आणि शेजारी हसणारी मी. 'भावाच्या पायानं दाखवली वाट.' मथळा मी दिला नव्हता. फोटो मात्र मीच दिला होता, तुला न विचारता. बघ, लिहिणार नाही म्हणाले आणि लिहिलं.

थराचं सांगते. तू मला 'कल्हई' म्हणून चिडवायचास, तुझी नोकरी म्हणजे पगारी कल्हई. तसंच धर. हिरव्यागार पाण्यात निकेल विरघळलेलं असतं, त्यात पिन लटकवायची आणि वीज सोडायची. पिनेवर निकेलचे कण जमत जातात. वीज सलग दिली तर जो कण आधी बसला तोच फुगत जातो. म्हणून आम्ही ती ठोक्याठोक्यानं देतो, क्षणभर चालू, क्षणभर बंद. प्रत्येक ठोक्याला नवा कण बसतो, जुन्याला वाढायला उसंत मिळत नाही. तुझ्या पोरांना तू एकेका ओळीला थांबवतोस ना, एकाचाच आवाज वर चढू नये म्हणून? तसं. शिवाय पाण्यात चिमूटभर सॅकरिन टाकतो. हो, मधुमेहवाले चहात टाकतात तेच. त्यानं कण आणखी बारीक राहतात. इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत, आणि म्हणूनच थर इतका कठीण आणि आरशासारखा होतो. डबीत तुझं नाक दिसेल बघ.

दोन्ही पिना एकाच टाकीत, एकाच तारेला शेजारी शेजारी होत्या. एक तुझी. तिची जुळी इथे प्रयोगशाळेच्या दाराशी, काचेच्या कपाटात, खाली भलंमोठं वजन टांगून ठेवली आहे. येणारेजाणारे थांबून बघतात.

पिना टाकीतून निघाल्या त्या दिवशी इथे जरा धावपळ होती. परिषद जवळ आली आहे, पाहुणे आले होते. घड्याळबाई त्या दिवसापासून माझ्यावर फुगली आहे. ती माझ्याबरोबरची, शेजारच्या टेबलावर बसते, गळ्यात दोन टायमर अडकवून फिरते म्हणून हे नाव. कशावरून फुगली ते सोड. तिला वेळेचं वेडच आहे.

घालून बघ. आवडली नाही तर तसं वहिनीजवळ सांग.

तुझी बहीण


१९ मार्च

दादा,

सहज लिहिते आहे.

वहिनी म्हणाली, पिन बसवलीस. कुरकुर बंद झाली म्हणे. आता तू मागून स्वयंपाकघरात आलेला कळतच नाही, डब्यातला लाडू संपल्यावर कळतं, असं म्हणत होती. मला बरं वाटलं. तिनं हे सांगितलं तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

एक छोटं काम होतं. ती पिन काही दिवसांसाठी परत पाठवशील का? रंगाचं जरा तपासायचं आहे. थर मध्येमध्ये किंचित फिका वाटतो असं आता लक्षात आलं, कदाचित काही नसेल. जुनी पिन तू टाकून दिली नसशीलच. तू साधा सुतळीचा तुकडा टाकत नाहीस. तोवर ती घाल. कुरकुरली तर कुरकुरली, वहिनीचे लाडू तरी वाचतील.

तू वर्गात हल्ली उभ्यानंच शिकवतोस का? चौथऱ्यावर चढउतार होते का? सहज विचारते आहे.

इथलं ठीक. कपाटातली पिन मी काढून ठेवली आहे. काच पुसायची होती.

मी सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवते आहे, तिकिटं लावून. तुला काही करावं लागणार नाही. पिन काढायची, पाकिटात टाकायची.

तुझी बहीण


२ एप्रिल

दादा,

पाकीट आलं, पण रिकामं. आत वहिनीच्या अक्षरात एक ओळ, 'दिलेली वस्तू परत मागतात का, असं विचारताहेत.' दोन वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला शब्द. मी तो उशाशी ठेवला आहे, वेडेपणा म्हण.

परत मागत नाही रे. बदलून देईन. याहून चांगली करते आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्या संचालकबाईंना ती पिन बघायची आहे, वापरल्यानंतर कशी दिसते ते. त्यांचा आग्रह आहे. म्हणून म्हटलं.

काल वहिनीला फोन केला होता. तू मागे पियानोवर बसला होतास, एकच ओळ कुणाकडून तरी घोटून घेत होतास. फोन तिच्या हातात होता, तू हाकेच्या अंतरावर होतास. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. नवे पडदे लावलेत म्हणे.

घड्याळबाई रोज विचारते, "लिहिलंस का भावाला?" मी म्हणते, लिहिलं. ते खोटं नाही. हे बघ, लिहितेच आहे.

दादा, ती पिन काढून ठेव. मला पाठवू नकोस हवं तर, नुसती काढून ठेव. चमक जाते ती फार वापरली की. बाकी काही नाही.

तुझी बहीण

हे पाकीट बंद करून पुन्हा उघडलं आहे. 'बाकी काही नाही' खोडावं म्हणून उघडलं, आणि पेन हातात धरून बसले. तसंच टाकते पेटीत. उद्या नीट लिहीन.


११ एप्रिल

दादा,

काल वहिनीला फोन केला तो सांगायलाच केला होता. खरं ते सगळं सांगायला. वाक्य घोकून ठेवलं होतं. तिनं फोन उचलला आणि मी श्वास न घेता म्हटलं, त्याच्या पायातली पिन आत्ताच्या आत्ता काढायला सांग, ती तुटणार आहे.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "परवा तुटली."

चौथरा उतरताना, सरावाच्या मध्येच. पोरांसमोर. उजवं मनगट मोडलं. हे तिनं शांतपणे सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, "मागच्या फोनवर तू मला पडद्यांचा रंग विचारलास गं."

तेवढंच. तिच्या जागी मी असते तर पुष्कळ बोलले असते.

आता तुला सांगते. उशीर झाला म्हणून सांगणं सोपं झालं आहे, हीच पहिली लाज.

टाकीत निकेलबरोबर आणखी एक गोष्ट सुटत असते, हायड्रोजन. वायू. त्याचा काही भाग बुडबुडे होऊन उडून जातो आणि थोडा पोलादात शिरतो. मऊ लोखंडाला त्याचं काही नाही. कडक पोलाद मात्र त्यानं आतून ठिसूळ होतं. बाहेरून काही दिसत नाही. वाकत नाही, तडा दिसत नाही, वजन पेलत राहतं आणि एक दिवस काच तुटावी तशी तुटते. म्हणून नियम असा की टाकीतून काढलेली वस्तू लगेच भट्टीत ठेवायची, मंद आचेवर, रात्रभर आणि वर दिवसभर, म्हणजे तो वायू निघून जातो. 'लगेच' म्हणजे लगेच. उशीर झाला की आत इजा व्हायला लागलेली असते, आणि मग भाजून उपयोग होईलच असं नाही. हे आमच्यात पहिल्या वर्षाला शिकवतात. मी स्वतः शिकवते.

मी विसरले नव्हते. विसरले असते तर तुझ्यासमोर उभी राहू शकले असते. भट्टीत ठेवली की निकेलवर किंचित पिवळट झाक येते, आरसा मंदावतो. आणि त्या दिवशी परिषदेसाठी फोटो काढायला माणूस आला होता. मी म्हटलं, आधी फोटो. त्याच्या दिव्यांना वेळ लागला. मग संचालकबाई पाहुण्यांना घेऊन आल्या, त्यांनी पिन हातात घेतली, तिच्यात आपले चेहरे पाहिले, वा वा म्हणाले. घड्याळबाईचे दोन्ही टायमर वाजले. ती मागून म्हणाली, "भट्टी तापली आहे." मी हातानं थांब म्हटलं. ती पुन्हा आली. मी पुन्हा थांब म्हटलं. पाहुण्यांसमोर मला कुणी आठवण करून देतं आहे, हे मला आवडलं नाही.

सगळे गेले तेव्हा खिडकीबाहेर दिवे लागले होते. तेव्हाही पिना फेकून देता आल्या असत्या. नव्या करायला एक आठवडा. पण परिषदेचे फोटो याच पिनांचे होते, आणि तुझ्या डबीतही मला चमकणारीच पाठवायची होती. मनाशी म्हटलं, दर वेळी तुटतेच असं नाही. तेही खरं आहे. दर वेळी तुटत नाही.

दुसरं पत्र लिहिलं त्या सकाळी कपाटात वजन खाली पडलेलं होतं. काचेला तडा, आणि पिनेचे दोन तुकडे, एक हुकात, एक तळाशी. तुझ्या पिनेची जुळी, त्याच टाकीतली. मी ते तुकडे खिशात घातले, वजन उचललं, काच बदलायला सांगितली, आणि टेबलाशी बसून तुला लिहिलं, 'सहज लिहिते आहे.'

का, ते मी इतके दिवस स्वतःला विचारते आहे. घाबरले, हे उत्तर खोटं आहे. घाबरलेलं माणूस ओरडतं. मला तुझ्याकडून 'पिन छान आहे' हे ऐकायचं होतं. दोन वर्षांनी तू माझ्या हातची एक वस्तू अंगावर घेतली होतीस. ती काढ असं सांगायचं म्हणजे का ते सांगायचं, आणि का ते सांगायचं म्हणजे पुन्हा फोटो. पुन्हा तोच फोटो, दादा. पहिल्यांदा तुझा पाय दाखवला, दुसऱ्यांदा त्या पायातली पिन दाखवत बसले. तू मला ज्यासाठी घराबाहेर ठेवलंस तेच मी पुन्हा केलं, आणि या खेपेला तुझ्या हाडापर्यंत.

येऊ का, असं वहिनीला विचारलं. ती म्हणाली, त्यांना विचारते. मग लांबून तुझा आवाज आला, "नको." वहिनीनं तो मला पुन्हा सांगितला नाही. गरजही नव्हती.

माफ कर असं लिहीत नाही. माफी मागायलाही तोंड असावं लागतं.


६ मे

दादा,

पार्सल मिळालं. कापसात गुंडाळलेले दोन तुकडे आणि चिठ्ठी. अक्षर वहिनीचं, पण तू सांगितलंस आणि तिनं लिहिलं, हे पहिल्या शब्दाला कळलं. ती इथे पुन्हा उतरवते आहे, कारण मला ती पाठ झाली आहे आणि खरंच पाठ झाली का हे बघायचं आहे:

'सहज लिहिलंस तेव्हाच कळलं की काहीतरी लपवते आहेस. लहानपणी लोणच्याची बरणी फोडलीस तेव्हाही म्हणालीस, मी सहज आत गेले होते. मला वाटलं, पिन पुन्हा मिरवायला हवी असेल. पुढच्या पत्रात संचालकबाई आल्या, मग खात्रीच पटली. म्हणून मुद्दाम घालत राहिलो. तुकडे पाठवतो आहे, तुझ्या कामाला लागतील. फोटो काढ. पाय दाखवू नकोस.'

मी हे वाचून प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले. म्हणजे मी नुसती गप्प राहिले असते, एकही पत्र लिहिलं नसतं, तरी तुला कधीतरी कंटाळा येऊन तू ती काढली असतीस. माझ्या खोट्यानं ती तुझ्या पायात घट्ट बसवली.

तुकडे मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तुला सांगायला हवं म्हणून सांगते. थराला काहीही झालेलं नाही. कण जसे हवे तसेच, बारीक, दाट, एकसारखे. इतका चांगला थर मी आयुष्यात चढवलेला नाही. आणि त्याच्या आतलं पोलाद खडीसाखर फुटावी तसं फुटलेलं.

परिषद झाली. चमकणाऱ्या पिनेचे फोटो मी काढून टाकले, तुटलेल्या चारही तुकड्यांचे लावले. भट्टीत का ठेवली नाही तेही सांगितलं, आहे तसं. संचालकबाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली. तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त कामाचं बोलतात. घड्याळबाई शेवटच्या रांगेत होती. भाषण संपल्यावर एका माणसानं हात वर केला. म्हणाला, एक पिन वजनाखाली तुटली हे कळलं, दुसरी कुठे तुटली?

मला उत्तर येत होतं. पूर्वीची मी असते तर ते फार चांगलं दिलं असतं. अख्खं सभागृह गप्प झालं असतं, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं असतं. मी म्हटलं, "ती वापरात होती. कुणाच्या, ते मी सांगणार नाही." तो माणूस खाली बसला. एवढंच झालं.

बाहेर आल्यावर घड्याळबाईनं पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "बोलायला वेळ जास्त घेतलास." तिच्याकडून हे कौतुकच समज.

वहिनीचा परवा फोन आला. तिनं स्वतःहून केला. पोरांनी तुला कसं उचललं ते सांगितलं, आणि त्या सगळ्यात लहान मुलीनं विचारलं, सर, तुमचा पाय दुखतो का, तर तू जमिनीवर बसल्या बसल्या म्हणालास, "तो कसा दुखेल, तो विकतचा आहे." सगळी पोरं हसली म्हणे, आणि मग तूही. आम्ही दोघी फोनवर हसलो आणि मध्येच मी थांबले. मला अजून त्या हसण्यात बसायचा हक्क नाही. वहिनी म्हणाली, जुनीच पिन घालतात, कुरकुर ऐकून पोरं आधीच रांगेत उभी राहतात.

सोबत नवी डबी आहे. पुन्हा दोन केल्या. टाकीतून काढल्या आणि लगेच भट्टीत ठेवल्या. टायमर घड्याळबाईचा होता, तिनं गळ्यातून काढून दिला. पिन पिवळट दिसेल, जुन्या कागदासारखी. नाक दिसणार नाही. हिचा एकही फोटो निघालेला नाही. ही घाल असं मी म्हणणार नाही. डबीतच ठेव, कपाटात टाक, त्या लहान मुलीला खेळायला दे. तुझी कुरकुर तुझी आहे, मी ती बंद करायला निघाले होते, तेही कुणी सांगितलं नसताना.

हिचीही जुळी आहे. ती दाराशी नाही. मागच्या खोलीत, जिथे झाडू आणि रिकामे कॅन ठेवतात तिथे, तिला वजन टांगून ठेवलं आहे, नियमात सांगितलं आहे त्याहून जास्त. रोज सकाळी पिशवी ठेवायच्या आधी मी तिकडे जाऊन येते. आजही ती आहे.

पण ती तुटली, तर मी पत्र लिहिणार नाही. फोन करीन, जी वेळ असेल त्या वेळी. वहिनीला उचलायला सांगू नकोस, दादा. तू उचल.

कल्हई